साडेतीनशे पट लहान

भारतीय नौदलाच्या सिंधुघोष वर्गातल्या पाणबुडीचं ३५० पट लहान मॉडेल खाऱ्या पाण्यात सोडलं आणि ते खऱ्या पाणबुडीइतकंच बुडून तरंगावं असं वाटत असेल, तर त्याचं वजन ५४ ग्रॅम भरायला हवं. गणित सोपं आहे. लांबी ३५० पट कमी केली की वजन ३५० चा घन, म्हणजे सुमारे ४ कोटी २९ लाख पट कमी होतं. खरी पाणबुडी पृष्ठभागावर असताना २,३२५ टन पाणी बाजूला सारते आणि पूर्ण बुडाल्यावर ३,०७६ टन. मॉडेलच्या मापात हे आकडे ५४ आणि ७२ ग्रॅम होतात. मधले साडेसतरा ग्रॅम म्हणजे बुडी मारण्यासाठी टाक्यांत घेतलेलं पाणी. चहाच्या चमच्यानं मोजलं तर साडेतीन चमचे.

हाच हिशेब माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या कलवरीसाठी करून पाहावा. तिचे आकडे १,६१५ आणि १,७७५ टन. ३५० पट लहान केल्यावर साडेसदतीस आणि साडेएकेचाळीस ग्रॅमच्या आसपास. फरक पावणेचार ग्रॅमचा, म्हणजे पाऊण चमचा. दोघीही डिझेलवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या, दोघींना पुढच्या तोंडाशी सहा-सहा टॉर्पेडो नळ्या, आणि एकीला बुडायला साडेतीन चमचे पाणी लागतं तर दुसरीला पुरा एक चमचाही लागत नाही.

याचं कारण दोघींच्या अंगात आहे. रशियन बनावटीच्या सिंधुघोषला दोन कवचं आहेत. माणसं, यंत्रं आणि बॅटऱ्या आतल्या जाड, गोल नळकांड्यात. त्याभोवती पातळ पत्र्याचं दुसरं कवच, आणि दोहोंच्या मधल्या जागेत जवळजवळ संपूर्ण लांबीभर पाण्याच्या टाक्या. टाक्या रिकाम्या असताना बोटीजवळ तरंगण्याची भरपूर शिल्लक असते. एखाद्या कप्प्यात पाणी शिरलं तरी बोट वर राहावी, हा सोव्हिएत रचनाकारांचा आग्रह होता. फ्रेंच बनावटीची कलवरी मुख्यतः एकाच कवचाची. टाक्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी. त्यामुळे अंग आटोपशीर राहतं आणि पाण्यात ओढावं लागणारं ओझं कमी होतं. त्याची किंमत म्हणून तरंगण्याची शिल्लक दहा टक्क्यांवर येते. सिंधुघोषची बत्तीस टक्के आहे.

किटच्या खोक्यावरच्या चित्रात यातलं काही दिसत नाही. मॉडेल बांधणाऱ्याच्या हातात पाणबुडीची फक्त बाहेरची कातडी येते. सिंधुघोषच्या बाबतीत तर ती दाब सोसणारी कातडीसुद्धा नाही, नुसतं पांघरूण. विमानाच्या मॉडेलला कॉकपिट असतं, रणगाड्याला साखळ्या असतात, युद्धनौकेला तोफा आणि शिड्या असतात. पाणबुडीला लांबट, गुळगुळीत अंग, वर एक बुरूज, मागे पंख आणि एक प्रोपेलर. भाग इतके कमी की नवशिक्या पहिल्याच रविवारी जोडून मोकळा होतो. या छंदात मुरलेले लोक मात्र तीच पाणबुडी महिनाभर घेऊन बसतात, आणि त्यात दिखावा नसतो. लपवायला जागा नसली की प्रत्येक चूक उघडी पडते.

मॉडेल कोणत्या पाणबुडीचं करावं? आपल्याकडच्या माणसाच्या मनात आधी कलवरी येते, आणि ते साहजिक आहे. १४ डिसेंबर २०१७ ला मुंबईत ती नौदलात दाखल झाली. त्यानंतर खांदेरी, करंज, वेला, वागीर आणि १५ जानेवारी २०२५ ला वाघशीर. साडेसदुसष्ट मीटरच्या सहा बोटी, सहाही माझगावच्या. खांदेरीचं नाव तर थळच्या समोर शिवाजी महाराजांनी बांधलेल्या जलदुर्गाचं. त्याआधी १९९२ साली याच गोदीतून शल्की बाहेर पडली होती, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. तिची रचना जर्मन होती. तरीही सुरुवात करायला मी सिंधुघोषच सुचवीन. पाश्चात्त्य नौदलं जिला किलो म्हणतात त्या या वर्गाच्या बोटी रशियानं अनेक देशांना विकल्या, त्यामुळे तिचे किटही वेगवेगळ्या मापांत निघाले. चीनच्या ट्रम्पेटरचा १४४ पट लहान आहे, ब्रॉन्कोचा ३५० पट लहान. पहिला अर्धा मीटर लांब होतो आणि घरात जागा अडवतो. दुसरा वीतभर.

किट घेताना एक गोष्ट पाहून घ्यावी. भारतानं घेतलेल्या दहा बोटी ८७७ ईकेएम प्रकारच्या; १९८६ ते २००० या काळात आल्या. नंतरचा ६३६ प्रकार जवळजवळ तसाच दिसतो, पण सव्वा मीटरनं लांब आहे आणि त्याच्या प्रोपेलरला सहाऐवजी सात पाती आहेत. ३५० च्या मापात लांबीतला फरक साडेतीन मिलिमीटर होतो. तो सोडून द्यावा. पातं मात्र सोडू नये, जाणकार माणूस आधी तेच मोजतो.

आता प्लास्टिककडे वळू. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेनं नवी मुंबईतल्या दिघ्यापासून दक्षिणेला टीटीसी औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. तिच्या गाळ्यांमध्ये जे इंजेक्शन मोल्डिंग चालतं, त्याच पद्धतीनं पाणबुडीचा किटही बनतो. हॉपरमध्ये दाणा ओतायचा. किटसाठी तो पॉलिस्टायरिनचा असतो. तापलेल्या बॅरलमध्ये स्क्रू फिरतो, दोनशे अंशांच्या वर दाणा वितळतो, स्क्रू पुढे सरकून रस डायमध्ये दाबतो. डाय पोलादाची, दोन अर्ध्यांची, आतून पाणी खेळवून थंड ठेवलेली. काही सेकंदांनी ती उघडते आणि इजेक्टर पिना माल बाहेर ढकलतात. झाला एक शॉट. बाटलीचं झाकण असो की पाणबुडीचं शेपूट, मशीनला त्याचं काही नसतं.

मशीनला फरक पडत नाही, म्हणूनच किटमधले सगळे दोष मोल्डिंगचे नेहमीचे दोष असतात, आणि दिघ्यातल्या कुठल्याही मोल्डिंगवाल्याला किटची चौकट दाखवली तर तो ते बोट ठेवून सांगेल. भागांना एकत्र धरणारी कांडी म्हणजे रनर; मॉडेलवाले तिला स्प्रू म्हणतात. आतल्या बाजूचे गोल ठसे इजेक्टर पिनांचे. डाय झिजली किंवा नीट आवळली गेली नाही की दोन अर्ध्यांच्या फटीतून रस झिरपून कडेला पातळ पापुद्रा येतो, तो फ्लॅश. जिथं प्लास्टिक जाड आहे तिथं ते उशिरा थंड होतं, आतल्या आत आकसतं आणि वर खळगा पडतो, तो सिंक मार्क. पाणबुडीच्या पंखांच्या मुळाशी हमखास सापडतो. पॉलिस्टायरिन थंड होताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास आकसतं. वीस सेंटिमीटरच्या पाणबुडीत म्हणजे एक मिलिमीटर. डाय बनवणारा साचा तेवढा मोठा कोरतो.

दोन सरळ उघडणाऱ्या अर्ध्यांच्या डायमधून बंद, पोकळ नळकांडं काढता येत नाही. म्हणून पाणबुडी लांबीच्या दिशेनं चिरून दोन तुकड्यांत द्यावी लागते. काही किटांत डावा-उजवा, काहींत वरचा-खालचा. आणि म्हणून नाकापासून शेपटीपर्यंत एक सांधा राहतो. पाणबुडीच्या मॉडेलमधलं निम्मं कष्टाचं काम त्या एका सांध्याचं असतं.

माझगाव डॉकमध्ये नेमकं उलट करतात. पोलादी पत्रे वाकवून कडी करतात, कड्यांना आतून बरगड्या घालतात, कडी जोडून विभाग तयार होतात आणि शेवटी पाच विभाग एकमेकांना वेल्ड होऊन पूर्ण बोट होते. सांधे आडवे. यंत्रं बसवायला विभागाचं तोंड उघडं मिळतं, हा एक फायदा. दुसरं कारण ताणाचं. नळकांड्यावर बाहेरून दाब आला की भिंतीत घेराच्या दिशेनं पडणारा ताण लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. लांबीनं जाणाऱ्या सांध्याला तो दुप्पट ताण सोसावा लागतो. कडी वाकवली की पत्र्याची दोन टोकं जुळतात तिथं असा उभा सांधा येतोच, पण शेजारच्या कड्यांचे हे सांधे एका रेषेत येऊ देत नाहीत. किटसारखी नाकापासून शेपटीपर्यंत सरळ चिरलेली पाणबुडी कुणी समुद्रात नेणार नाही. ३०० मीटर खोलीवर तिच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३०० टनांहून अधिक भार असतो.

जोडायची पद्धत मात्र दोन्हीकडे एका तत्त्वाची आहे. मॉडेलचा पातळ सिमेंट हा चिकट डिंक नव्हे. त्यात अ‍ॅसिटोन आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेटसारखी द्रावकं असतात. ती दोन्ही कडांचं पॉलिस्टायरिन विरघळवतात, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि उरतं सलग प्लास्टिक. वेल्डिंगच म्हणायचं, फक्त उष्णतेशिवाय. दोन्ही अर्धे जुळवून धरावेत, ब्रशनं सिमेंट फटीत सोडावा, तो केशाकर्षणानं स्वतः पळतो. मग हलकेच दाबावं. सांध्यावर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक उंच रेघ आली पाहिजे. आली नाही तर कुठं तरी पोकळी राहिली असं समजावं.

पुढचा टप्पा म्हणजे थांबणं, आणि बहुतेक मॉडेलं इथंच बिघडतात. तासाभरात सांधा हाताला कोरडा लागतो, माणूस पॉलिश पेपर घेऊन बसतो, सुंदर सपाट करतो, रंग देतो, आणि पंधरा दिवसांनी सांध्याच्या जागी अंगभर खोलगट रेघ उमटते. आत राहिलेलं द्रावक हळूहळू उडतं आणि प्लास्टिक बसतं. निदान दोन दिवस हात लावू नये. त्यानंतर उंच रेघ कटरच्या पात्यानं खरवडावी, मग पाण्याचा पॉलिश पेपर, ४०० नंबर, ८००, १२००. खड्डे उरले तर त्यासाठी परदेशी पुट्टी मागवायची गरज नाही. डेंटिंग-पेंटिंगवाले गाडीला लावतात ती लांबी, म्हणजे एनसी पुट्टी, थिनरनं पातळ करून चालते. जाड थर एकदम दिला तर तीही बसते, म्हणून पातळ थर, दोन-तीन वेळा. शेवटी राखाडी प्रायमर. नुसत्या प्लास्टिकवर जो दोष बोटालाही लागत नाही तो प्रायमरखाली डोळ्याला दिसतो.

घासताना सांध्याच्या आजूबाजूच्या कोरीव रेषाही जातात. जाड चिकटपट्टी कडेसारखी लावून, सुई ओढत त्या पुन्हा कोराव्या लागतात. गोल अंगावर सरळ रेघ ओढणं हे काम मला आजही आवडत नाही.

मापाचा विचार इथं पुन्हा येतो. किटच्या प्लास्टिकची जाडी दीड मिलिमीटर धरली तर खऱ्या पाणबुडीत ती अर्ध्या मीटरहून जास्त जाडीची भिंत झाली. आत कुणी पाहत नाही, म्हणून चालतं. पंखांचं तसं नाही. मागच्या पंखाची कड मशीनमधून अर्ध्या मिलिमीटरची निघते. खऱ्या पाणबुडीवर ती साडेसतरा सेंटिमीटरची बोथट कड ठरेल. पाण्यातून मुकाट्यानं जायचं असेल तर अशी कड कामाची नाही, तिच्यामागे भोवरे उठतात आणि भोवरे आवाज करतात. म्हणून पंखाच्या कडा घासून धारेवर आणायच्या. पाच मिनिटांचं काम आहे आणि मॉडेल त्यानं एकदम पालटतं. प्रोपेलरच्या पात्यांचंही तसंच.

प्रोपेलरवरून गुपितांचा विषय निघतो. १९६१ साली अमेरिकेच्या रेव्हेल कंपनीनं पोलारिस क्षेपणास्त्रं नेणाऱ्या पाणबुडीचा किट बाजारात आणला. किंमत २ डॉलर ९८ सेंट. एक बाजू उघडून आतली क्षेपणास्त्रं, अणुभट्टीचा कप्पा, खलाशांच्या खोल्या दिसायच्या. अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांचे जनक अ‍ॅडमिरल हायमन रिकोव्हर संतापले. अशा मॉडेलवरून रशियन रचनाकाराला कोट्यवधी डॉलरची माहिती फुकट मिळते, अशी तक्रार त्यांनी संसदेच्या समितीपुढे केली. किटचा खप कमी होण्याचं त्यात काही कारण नव्हतं.

नंतरच्या किटकर्त्यांना आतलं दाखवायची संधी क्वचितच मिळाली, आणि प्रोपेलरच्या बाबतीत तर बाहेरचंही. पातं वेगानं फिरलं की त्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की पाणी तिथल्या तिथं उकळून बुडबुडे होतात, आणि ते फुटताना जो कडकडाट होतो तो शत्रूला मैलोन्‌मैल ऐकू जातो. पात्यांची संख्या, वळण, रुंदी यांवर हा आवाज ठरतो. म्हणून जलावतरणाच्या समारंभात बोट फुलांनी सजवतात आणि प्रोपेलर झाकतात, जगभर हीच रीत. २००७ मध्ये अमेरिकेच्या एका ओहायो वर्गाच्या पाणबुडीचा उघडा प्रोपेलर इंटरनेटच्या नकाशावरच्या हवाई छायाचित्रात दिसला, तेव्हा त्याची बातमी झाली. आपल्याकडे ऑगस्ट २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन दैनिकानं स्कॉर्पिन पाणबुडीविषयीची २२,४०० पानं फुटल्याचं छापलं. स्कॉर्पिन म्हणजेच आपली कलवरी, जी तेव्हा नौदलात दाखलही झाली नव्हती. त्या पानांपुढे २ डॉलर ९८ सेंटचा किट बिचारा वाटतो.

मॉडेल करणाऱ्याची अडचण यातून कळावी. पाणबुडीची छायाचित्रं पाण्यावरच्या एक तृतीयांश भागाची असतात. खालचं काय, ते किटकर्त्याच्या अंदाजावर. आपल्या अणुपाणबुडीच्या, अरिहंतच्या बाबतीत तर वरच्या भागाचेही स्वच्छ फोटो दुर्मिळ. खऱ्या पाणबुडीचं पोट पाहायचं असेल तर विशाखापट्टणमला जावं. तिथल्या रामकृष्ण बीचवर २००२ पासून आयएनएस कुरसुरा वाळूवर उभी आहे, आत-बाहेर फिरून पाहता येते. ती १९५० च्या दशकातल्या रचनेची, तीन प्रोपेलरची. पण पाण्याची भोकं कुठं असतात, पत्रा कुठं पिचतो, गंज कुठून ओघळतो, हे तिच्याइतकं कुठलंच पुस्तक शिकवत नाही.

रंगाच्या वेळी बहुतेक जण काळ्या रंगाची बाटली उघडतात. उघडू नये. ३५० पट लहान मॉडेल आपण साठ सेंटिमीटरवरून बघतो, म्हणजे खरी पाणबुडी दोनशे दहा मीटरवरून बघतो. एवढ्या अंतरावरची हवा, आणि मुंबईची हवा असेल तर विचारूच नका, काळ्याचा करडा करते. शुद्ध काळ्या रंगात सावलीसाठी जागाही उरत नाही. काळ्यात थोडा राखाडी, किंचित निळा मिसळून पहिला हात द्यावा. किलो वर्गाच्या बोटींच्या अंगावर रबराच्या चौकोनी लाद्या डकवलेल्या असतात. शत्रूच्या सोनारचा आवाज त्या शोषतात. समुद्रात राहून काही लाद्या निखळतात आणि तिथं वेगळ्या रंगाचे चौकोन दिसतात. मॉडेलवर काही लाद्या एक छटा उजळ, काही एक छटा गडद रंगवल्या की सपाट अंगाला जीव येतो. मोजक्याच रंगवाव्यात, नाही तर बुद्धिबळाचा पट होतो. जलरेषेवर शेवाळाचा मातकट हिरवा पट्टा, भोकांतून खाली पातळ तपकिरी ओघळ.

पावसाळ्यात लॅकरचा रंग मारू नये, हे दिघ्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पारसिकच्या डोंगराला ढग टेकले की हवेत पाणी मावत नाही. लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग थंड करतं, त्यावर हवेतली वाफ जमते आणि काळ्या रंगावर पांढरट धुकं बसतं. अ‍ॅक्रिलिक वापरावा, नाही तर ऑक्टोबरची वाट पाहावी.

उरतो प्रश्न मॉडेल ठेवायचं कशावर. लाकडी पाट आणि पितळी खांब हा सभ्य मार्ग. पण पाणबुडी समुद्रात दाखवायचा मोह ज्याला होतो त्यानं आधी मुंबईचा समुद्र मापात बसवून पाहावा. सिंधुघोषची जास्तीत जास्त खोली ३०० मीटरच्या आसपास धरतात. मॉडेलच्या जगात ८६ सेंटिमीटर, म्हणजे जेवणाच्या टेबलाहून जरा उंच. मॉडेल छताजवळ लटकवायची गरज नाही. पण मुंबईच्या पश्चिमेला एवढी खोली लवकर मिळत नाही. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहेत आणि तिथं समुद्र ७५ मीटर खोल आहे. ७२.६ मीटर लांबीची सिंधुघोष तिथं शेपटीवर उभी केली तर नाक पृष्ठभागाच्या अडीच मीटर खाली राहील. मॉडेलच्या मापात हा समुद्र ४५७ मीटर लांब आणि साडेएकवीस सेंटिमीटर खोल होतो, आणि तो उतार डोळ्याला जाणवतसुद्धा नाही. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची आणि खाड्यांची प्रतिरूपं करताना ही अडचण नेहमीच येते, आणि अशा वेळी उभं माप आडव्या मापापेक्षा मोठं घेतात. नाही तर पाण्याचा नुसता पापुद्रा उरतो आणि भरती-ओहोटी मोजता येत नाही. दिवाणखान्यातल्या मॉडेलला ती सवलत नाही. पाणबुडी आणि समुद्र एकाच मापात ठेवायचे, तर मुंबईहून निघालेली बोट मुंबई हायपर्यंत न्यायला दिघ्याचा एखादा रस्ता लागेल, आणि तिथं पोचल्यावरही तिच्या पोटाखाली वीतभर पाणी मिळेलच असं नाही.